सुपरमॅन कॅन्ससऐवजी सासवडला पडला असता तर...

दिवेघाटी

परवा टिळक रोडला चहा पिताना ग्रुपमधे हा विषय निघाला आणि तासभर कुणी उठलंच नाही, म्हटलं इथे टाकूया, इथे रिकामटेकडे जास्त आहेत (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या).

तर मूळ गोष्ट सगळ्यांना माहितीये. क्रिप्टॉन ग्रह फुटायच्या बेतात, जोर-एल आपल्या तान्ह्या पोराला यानात घालून सोडून देतो, यान अमेरिकेत कॅन्ससला शेतात पडतं, केंट नवराबायको पोराला सांभाळतात, मोठा होऊन तो शहरात पेपरात नोकरी करतो आणि मधल्या वेळात जग वाचवतो. हे सगळं क्लीव्हलंडच्या दोन तेविशीतल्या पोरांच्या डोक्यातून निघालं, जेरी सीगल आणि जो शुस्टर, जून १९३८ चा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, आणि हक्क विकले कितीला, तर १३० डॉलर. एकशेतीस. पुढे दोघं त्या एका सहीपायी वर्षानुवर्षं कोर्टात हेलपाटे घालत बसले.

आता हाच सोव्हिएत युनियनमधे पडला असता तर, यावर २००३ साली तिकडे 'रेड सन' नावाचं कॉमिक येऊन गेलंय, त्यात तो युक्रेनमधल्या सामुदायिक शेतावर पडतो आणि मोठा होऊन स्टालिनच्या बाजूला उभा राहतो. मग आपण काय घोडं मारलंय? माझा हिशोब सोपाय. कॅन्सस साधारण ९८ अंश पश्चिम, सासवड ७४ पूर्व, बेरीज १७२ अंश, पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून सासवड खाली यायला उरलेले १८८ अंश, म्हणजे साडेबारा तास लागतात. जोर-एल जरा जेवून, पडून, चहा घेऊन निघाला असता की झालं काम.

सासवडच का, तर शेती आहे, अंजीर सीताफळ आहे, चांगली खमकी माणसं आहेत आणि दिवे घाट उतरला की शहर. पोरगं तिथे वाढणार आणि नोकरीला पुण्यात येणार, एसटीने. माझं म्हणणं एवढंच की त्याच्या ताकदीला इथे काही झालं नसतं, पण ती वापरायला त्याला कुणी दिली असती का? बोला. (इथून पुढे त्याला सुप्या म्हणतोय, प्रत्येक वेळी सुपरमॅन टाईप करायचा कंटाळा.)

भुईनळा

पहिला! हसून हसून पुरेवाट. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

एकच विनंती, १ ते ४ बंद आणि पाट्या यावर जो विनोद करेल त्याला धाग्यातून हाकला. पुरे झालं आता.

अक्षांश

लेखकाचं गणित अर्धंच आहे. पृथ्वी फिरली म्हणून रेखांश बदलेल, अक्षांश कसा बदलेल? कॅन्सस ३७ ते ४० उत्तरेत येतं आणि सासवड १८ वर. त्याच अक्षांशावर ७४ पूर्वेला गेलात तर पामीरचा डोंगर लागतो, जरा सरकलात तर काशगर. म्हणजे तुमचा सुप्या याक राखणार. आणि त्या रेड सनमधलं युक्रेन पण कॅन्ससच्या अक्षांशावर येत नाही, पण ते आपलं काम नाही.

दुसरं, पहिल्या अंकात कॅन्सस नाहीच. तिथे रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारवाल्याला पोर सापडतं आणि तो ते अनाथाश्रमात नेऊन देतो. केंट कुटुंब, शेत, कॅन्सस हे सगळं नंतर चिकटवलेलं आहे.

दिवेघाटी

@अक्षांश, यानाला स्टिअरिंग असतं हो. शिवाय काशगरला पडला तर मराठीत धागा कोण काढणार?

बिगरशेती

मी महसूल खात्यात होतो, त्यामुळे मला यानाच्या पुढचं दिसतंय. शेतात यान पडलं की आधी कोतवाल येणार, मग पोलीस पाटील, मग तलाठी आणि मग पंचनामा. "गट नंबर अमुक मधे पूर्वेकडील बांधापासून अंदाजे वीस फुटांवर एक धातूची वस्तू, आत एक पुरुष जातीचे बालक, रडत नाही." पंच म्हणून शेजारचे दोन शेतकरी सही करणार, त्यातल्या एकाचा बांधावरून जुना वाद, तो म्हणणार यान माझ्या हद्दीत आहे. मोजणी लावा. मोजणी येईपर्यंत यान तसंच राहणार आणि पोरगं चालायला लागणार.

त्यात परत निखात निधीचा कायदा आहे, १८७८ चा, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये. आख्खं यान आहे हो.

वकिलीणबाई

@बिगरशेती, तो कायदा "जमिनीत दडलेलं" म्हणतो. यान वरून पडलंय आणि अर्धं बाहेर दिसतंय, त्याला दडलेलं कसं म्हणणार? मी तरी पहिल्याच तारखेला हा मुद्दा घेईन. तुम्हाला खरी भीती भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची पाहिजे, आपल्याकडे पडलेल्या उल्का त्यांच्या ताब्यात जातात आणि कोलकात्याला संग्रही राहतात. ते म्हणणार वस्तू आकाशातून आली, आमची. यान गेलं कोलकात्याला. बरंय, निदान घरात अडगळ नाही.

पोराचं म्हणाल तर १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात सोय आहे, आईबाप कोण हे माहीत नसलेलं मूल हिंदू म्हणून वाढवलं असेल तर दत्तक घेता येतं. पण दत्तकविधानाला मूल "देणारा" लागतो आणि इथे देणारा ग्रहासकट फुटलाय. कोर्टाची परवानगी काढायची, तिथे जन्मतारीख विचारणार, आणि मग सुरू.

मोरावळा

जन्मतारीख सोडा, पत्रिका कशी मांडणार ते सांगा. सासवडच्या आईने पोर घरात घेतल्यावर पहिलं काम तेच केलं असतं.

आणि यात खरी मजा आहे. २०१२ मधे नील डिग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञाला कॉमिकवाल्यांनी विचारलं की क्रिप्टॉनसाठी खराखुरा तारा शोधून द्या. त्याने दिला, एलएचएस २५२० नावाचा तांबडा बटू तारा, २७.१ प्रकाशवर्षं लांब, कॉर्व्हस तारकासमूहात. आता कॉर्व्हस म्हणजे कोण, तर आपलं हस्त नक्षत्र! हत्तीचा पाऊस पडतो ते. म्हणजे गुरुजी विचारणार नक्षत्र कोणतं, आई म्हणणार हस्त, गुरुजी म्हणणार चंद्र हस्तात होता का, आई म्हणणार चंद्राचं माहीत नाही, पोरगंच हस्तात होतं.

आमच्या गुरुजींनी एवढ्यावर दक्षिणा दुप्पट सांगितली असती.

जेजुरीवाला

मोरावळा 👏👏 वाचनखूण साठवली आहे.

एक अवांतर. सासवडपासून जेजुरी जवळ, त्यामुळे सुप्याचा दोस्त ग्रीन लँटर्न कधीतरी दर्शनाला येणारच. आता त्याची जुनी अडचण ठाऊक असेल तुम्हाला, त्याची सगळी ताकद ज्या अंगठीत, ती पिवळ्या रंगापुढे चालत नसे. पिवळ्या रंगापुढे! आणि जेजुरीला सोमवतीला काय उधळतात? पायरीवर पाय ठेवला की संपला विषय. येळकोट येळकोट करत खाली आला की आख्खा पिवळा, अंगठी बंद, आणि परत जायला एसटीचे पैसे सुप्याकडून उसने.

भुईनळा

जेजुरीवाला 😂😂😂 आजचा दिवस सार्थकी लागला.

मोरावळा

मला घरातलं दिसतंय. पोरगं चार-पाच वर्षाचं, नजरेतून आग निघते हे नुकतंच कळलंय, आई जात्यापाशी बसलीये आणि हे मागच्या दारी कडब्याच्या गंजीकडे एकटक बघतंय. "आरं ए, डोळं मिट आधी! कडबा पेटवशील, मग म्हशीला काय तुझं यान घालू?" त्याला शेंगदाणे भाजायला बसवणार नाही कुणी, कारण एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्चे. आई म्हणणार तुला अंदाज नाही, सरक. मग सगळं बालपण याच्यातच गेलं असतं, प्रत्येक कामाला "तू सरक".

त्याला ऊर्जा मिळते ती आपल्या पिवळ्या सूर्यातून. त्यामुळे आईचा नियम, दुपारी अंगणात पापड राखायला बस, तुझंही होईल आणि पापडांचंही. प्रश्न पुण्यात नोकरीला लागल्यावरचा, जून ते सप्टेंबर. सूर्य दिसत नाही, हा अर्ध्या ताकदीवर, आणि तो लाल केप एकदा भिजला की चार दिवस वाळत नाही, मग त्याला जो वास सुटतो ना, तो घेऊन हा माणूस कुणाला वाचवायला जाणार?

तिसरामजला

सगळे सासवडलाच अडकलेत, आता पुण्यात आणा त्याला. नारायण पेठेत वाड्यात खोली, तीही कुणाच्या तरी ओळखीने, मंगलोरी कौलं, संडास मागे कॉमन.

रात्री साडेअकराला हा जग वाचवून छपरावर उतरतो. खालून मालकीणबाई, हातात टॉर्च. "कोण ए रे वर? तू का? अरे कौलं फुटतील! मागच्या वेळचीच दोन अजून बसवली नाहीत. आणि आलाच आहेस तर त्या कोपऱ्यात गळतंय, तेवढं कौल सरकवून ये." तो सरकवतो. "इकडे नाही, पन्हळीकडे." तो परत सरकवतो. "राहू दे, उद्या गवंड्याला सांगते."

आता मला सांगा, यात गुप्त ओळख कुठे आली? तिकडे म्हणे चष्मा लावला की कुणी ओळखत नाही. आमच्याकडे वाड्यातल्या चौदा बिऱ्हाडांना पहिल्याच आठवड्यात माहीत असणार, दूधवाल्याला माहीत असणार, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला तर आधीच, कारण तो निळा ड्रेस इस्त्रीला तिथेच येतो. पण एकही माणूस तोंडावर बोलणार नाही. का? कारण बोललं की त्याला महत्त्व दिल्यासारखं होतं. "उडतो म्हणे तो." "हो का? आमचा भाचा पण अमेरिकेत असतो." एवढं बोलून विषय संपला. या शहरात कौतुक न करण्यावर सुप्याची आख्खी ओळख सुरक्षित राहिली असती, चष्म्याची काही गरज नाही, तो घातला तर उलट दोघे विचारतील नंबर वाढला का.

अक्षांश

+१ तिसरामजला. चष्म्यावरून आठवलं, टेलिफोन बूथमधे कपडे बदलायचं प्रकरण १९४१ च्या कार्टूनमधून सुरू झालं. आणि त्याला उडता पण सुरुवातीला येत नव्हतं, पहिल्या अंकात तो अष्टमांश मैल उडी मारतो, साधारण २०० मीटर. कार्टून काढणाऱ्यांना ते उड्या मारणं बावळट दिसायला लागलं म्हणून त्यांनी त्याला सरळ उडवला.

तिसरामजला

२०० मीटर म्हणजे एका उडीत मुठा पार. डेक्कनला ऑफिस असेल तर पुरे आहे की.

आणि बूथ म्हणाल तर आपला पिवळा एसटीडी पीसीओ. काचेचं दार, आत पंखा बंद, बाहेर स्टुलावर मालक मीटरकडे बघत बसलेला. हा आत शिरून शर्टाची बटणं काढायला लागला की मालक काचेवर नाणं वाजवणार. "लागला का फोन? नसेल लागत तर बाहेर या, मागे लाईन आहे." आणि बाहेर आल्यावर एक रुपया घेणार, फोन न लावल्याचा.

सिंहगडी

उडण्याबद्दल कुणी बोललंच नाही. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमानं त्यांच्याच धावपट्टीवरून उडतात, तिकडे खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी. म्हणजे सुप्या घाटाच्या वर आला रे आला की रडारवर ठिपका. त्याला परवानगी कोण देणार? आणि आता पुरंदरला नवीन विमानतळाचं २०१६ पासून चाललंय, बरेच लोक जमीन द्यायला तयार नव्हते, म्हणजे ज्या शेतात यान पडलं तेच शेत संपादनात. यान उतरलं तेव्हा पंचनामा आणि आता विमानं उतरणार म्हणून नोटीस, सुप्याच्या आबांनी, म्हणजे सासवडच्या बापाने, करायचं काय?

दुसरं, त्याचा तो एकांताचा किल्ला, फोर्ट्रेस ऑफ सॉलिट्यूड, बर्फात असतो ना. आपला काय, सिंहगडाशिवाय पर्याय आहे का. रविवारी सकाळी जा म्हणावं एकांत शोधायला. सुपर कान असलेल्या माणसाला एका वेळी सत्तर ठिकाणाहून "दादा गरम भजी, पिठलं भाकरी, मटक्यातलं दही, बसा बसा" ऐकू येणार. तोरण्याला जा म्हटलं तर तिकडे ट्रेकवाल्यांच्या बसा. पुरंदर घराजवळचा, पण तिथे लष्कर. बिचारा शेवटी पुन्हा आर्क्टिकलाच जाईल.

पाषाणातला

क्रिप्टोनाइट राहिलं! ते मूळ कॉमिकमधलं नाही, १९४३ च्या रेडिओ मालिकेत पहिल्यांदा आलं, कॉमिकमधे यायला १९४९ उजाडलं. हिरवा चकाकणारा दगड, जवळ आला की सुप्या आडवा.

आता पुणेकरांनी छाती फुगवून ऐका. खराखुरा हिरवा स्फटिक आपल्याकडे आहे. पाषाणच्या खाणीतला हिरवा अपोफिलाइट जगभरातल्या दगड गोळा करणाऱ्या लोकांना माहितीये, संग्रहालयांत ठेवतात, आणि वाघोलीच्या खाणींतून निघणारा निळा कॅव्हेन्साइट तर त्याहून दुर्मिळ. बेसाल्टच्या पोकळ्यांत हे तयार होतात, दगड फोडताना आत खोलीसारखी जागा निघते आणि भिंतीला स्फटिक चिकटलेले. म्हणजे सुप्याचा वैरी लेक्स लूथर, त्याला परग्रहावरून काही आणायला नको, पाषाणला टेम्पो लावला की झालं. खडीवाल्याने तर तेच दगड फोडून रस्त्यात घातले असतील, म्हणून सुप्या पुण्यातल्या कुठल्याच रस्त्यावर ताठ चालू शकत नाही. आपण समजतो खड्डे.

भुईनळा

पाषाणातला, शेवटच्या वाक्याला साष्टांग.

लूथर कोण पण? बिल्डर म्हणू नका, फार सोपं होतं.

खडूस_आजोबा

लूथर म्हणजे निवृत्त गृहस्थ. १९४० मधे तो आला तेव्हा त्याला चांगले लाल केस होते, पुढच्या वर्षी चित्रकाराच्या घोटाळ्यात टक्कल पडलं ते कायमचं, ही माहिती माझ्यासारख्या माणसाला सुखावणारी आहे. पुण्यातला लूथर बॉम्ब वगैरे करत बसणार नाही. तो सकाळी पर्वती चढून येणार, पेपर वाचणार आणि मग वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहिणार. "महोदय, गेले काही दिवस आमच्या परिसरात एक तरुण रात्री-अपरात्री हवेतून ये-जा करत असून त्यामुळे कबुतरे बिथरतात. संबंधितांनी याची दखल घ्यावी." पाठोपाठ माहितीचा अधिकार. सदर व्यक्ती उडताना हेल्मेट वापरते का, नसल्यास किती वेळा दंड केला, प्रमाणित प्रती द्याव्यात. तीस दिवसांनी उत्तर येईल, "माहिती निरंक", मग अपील. क्रिप्टोनाइटने माणूस एकदाच आडवा होतो.

सिंहगडी

हेल्मेटच्या बाबतीत पुणेकर सुप्याच्या बाजूने उभा राहील हां आजोबा. तेवढ्या एका प्रश्नावर त्याला इथे मतं पडतील.

वकिलीणबाई

हे सगळं ठीक, पण दिवेघाटी, तुमचा मूळ प्रश्न लोकांनी सोडून दिला. ताकद वापरू दिली असती का? मी म्हणते नाही, आणि याचं उत्तर तुमच्याच घाटात आहे.

माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तेव्हा दिवे घाट चढायला रथाला जादा बैलजोड्या लावतात. आता सुप्या तिथलाच, घाट त्याच्या घरचा, तो म्हणेल सोडा बैल, मी एका बोटाने रथ वर नेतो. कुणी नेऊ देईल? तो बैलजोडीचा मान आहे! ज्याच्या जोडीला मान मिळतो ते घर वर्षभर बैलांना खायला घालून, शिंगं रंगवून तयार करतं. सुप्याला लोक काय म्हणतील, "बाळा, तू माऊली माऊली म्हण आणि मागच्या दिंडीत चाल." बरोबर आहे की नाही?

आणि तो चालेल. सासवडच्या आईने वाढवलेलं पोर आहे ते.

दिवेघाटी

वकिलीणबाई, क्या बात. हेच डोक्यात होतं पण नीट मांडता येत नव्हतं म्हणून धागा काढला.

विसर्जनाचंही तेच बघा. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, मानाचे पाच, त्याच क्रमाने. मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, सुप्या म्हणाला मी सगळे गणपती उचलून पाच मिनिटांत घाटावर पोचवतो, तर लक्ष्मी रोडवरून त्याला कोण जिवंत परत येऊ देईल? गणपती पोचवायची घाई आहे कुणाला? अलका चौकात तासभर ढोल वाजवायचा म्हणून पोरं दोन महिने नदीकाठी सराव करतात. फक्त त्याच्या कानांची मला काळजी वाटते. ज्याला मैलावरून मुंगी चाललेली ऐकू येते त्याने शंभर ढोलांच्या पथकासमोर उभं राहायचं. त्या एका दिवशी आर्क्टिकचा किल्ला मान्य.

पाषाणातला

मग चांदणी चौकातला पूल? तिथे तर कुणाचा मान नव्हता. ऑक्टोबर २०२२ मधे मध्यरात्री सहाशे किलो स्फोटकं लावून उडवला, सगळं पुणं टीव्हीसमोर जागं, धूर खाली बसला आणि सांगाडा तसाच उभा. मग मशिनने पाडला. सुप्याने एक फुंकर मारली असती.

बिगरशेती

@पाषाणातला, टेंडर. एकच निविदा आली तर परत काढावी लागते आणि सुप्यासारखा दुसरा आणायचा कुठून?

नवी_वाचक

गमतीचा धागा आहे पण एक विचारू का. सुप्या पुण्यात असता तर पानशेत?

भुईनळा

अरे यार. आत्ता कुठे रंग भरला होता.

खडूस_आजोबा

विचारू दे, चांगला प्रश्न आहे, आणि तिकडच्या लेखकांनाही तो पडला होता. दुसरं महायुद्ध चालू, वाचक विचारणार की तुमचा एवढा बलवान माणूस आहे तर तो एका दुपारी युद्ध का संपवत नाही? तर १९४२ मधे पेपरात येणाऱ्या त्यांच्या चित्रपट्टीत त्यांनी क्लार्कला, म्हणजे चष्म्यातल्या सुपरमॅनला, भरतीला पाठवला आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास केला. त्याची एक्स-रे नजर भिंतीतून आरपार गेली आणि त्याने पलीकडच्या खोलीतला तक्ता वाचला. झाला बाद. लेखकाला माहीत होतं की खऱ्या माणसांच्या मरणात याला घुसवला तर कागदावरचा माणूस उघडा पडतो.

१२ जुलै १९६१ चं म्हणाल तर, पानशेतचं मातीचं धरण फुटलं, ते पाणी खडकवासल्यावर आलं आणि तेही धरण गेलं, दुपारी पेठांतून होड्या फिरवायची पाळी. आदल्या रात्री पानशेतला जवान वाळूची पोती टाकत होते, म्हणून ते धरण अंधारात न फुटता सकाळी फुटलं आणि माणसं जागेपणी पळाली. तिथे मला सुप्या नको आहे. ती पोती त्या जवानांनीच टाकलेली राहू देत.

नवी_वाचक

🙏 पटलं.

मोरावळा

आजोबा, तुम्ही कमी लिहिता हीच तक्रार.

बरं आता लोइस लेनचं काय? नोकरीत शेजारच्या टेबलावर असते ती.

तिसरामजला

लोइसला पहिल्या दिवशी कळलं असतं. तिने बातमी लिहून पण दिली असती. संपादकांनी विचारलं असतं, उडतो म्हणजे किती उंच, कुणाच्या परवानगीने, दुसरी बाजू घेतली का? दुसऱ्या दिवशी शहर पानावर तळाला, "नारायण पेठेत तरुणाचे उड्डाण, कौलांचे नुकसान". बातमीत नुकसान मोठं, उड्डाण बारीक. आणि सुप्याच्या आईने ते कात्रण सासवडला देव्हाऱ्यामागे लावून ठेवलं असतं, फक्त कौलांची ओळ दुमडून.

वकिलीणबाई

दुमडून 😄😄 तिसरामजला, तुम्ही कथा लिहा हो.

जेजुरीवाला

एक शंका. चड्डी वरून घालायचं काय करायचं? असं म्हणतात की ती त्या काळच्या सर्कशीतल्या पहिलवानांवरून घेतली. सासवडच्या आईने अशा अवतारात घराबाहेर पाठवलं असतं का?

सिंहगडी

त्यात काय, तालमीत सगळे लंगोटावरच असतात. पोराला आबांनी आधी तालमीतच घातला असता. वस्ताद म्हणणार, ताकद आहे रे, डाव कुठाय? रोज पाचशे जोर, पाचशे बैठका, हौद्यातली माती उकर. सुप्याने एकाला हलकेच ढकलला तर तो भिंतीतून पलीकडे, मग वस्ताद त्याला महिनाभर नुसता नारळ फोडायला ठेवणार. केपचं मात्र पहिल्याच दिवशी विचारणार, हे पटकूर कशाला मागे? धरून आपटायला सोपं जातं समोरच्याला.

मोरावळा

मी दुसऱ्या बाजूने. केप राहू दे. आळंदी-सासवड चालताना पाऊस आला तर चार वारकरी बसतात त्याखाली.

पाषाणातला

भाग २ काढा कुणीतरी, माझ्या फोनवर पान उघडायला वेळ लागतोय. स्पायडरमॅन नको, त्याचा भारतीय अवतार २००४ मधेच येऊन गेला आणि तो मुंबईकर निघाला, तो वाद इथे नको. ॲक्वामॅन घ्या, तो पाण्यातला.

सिंहगडी

ॲक्वामॅन कुठे उतरवणार?

पाषाणातला

संगमावर.

बिगरशेती

जलपर्णी आहे वर. त्याला आधी धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, मग उतरवा.